‘सिटी ऑफ गॉड’ : कोंबडी, माने आणि बुस्कापेचे दोन फोटो

पडदाळू (धागाकर्ता)

परवा घरी एकटाच होतो म्हणून ‘सिटी ऑफ गॉड’ पुन्हा लावला. पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, एका संगणकासमोर सातजण बसून. सबटायटलं संवादाच्या दोन सेकंद मागून येत होती, तरी मध्ये चहालाही कुणी उठलं नाही. या वेळी प्रत बरी मिळाली आणि डोकं एकाच प्रश्नावर अडकलं: एवढ्या पैशात हे केलं कसं?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. ब्राझीलमधल्या रिओच्या पश्चिम टोकाला सिदाद द देउस, म्हणजे देवाचं शहर, या नावाची वसाहत आहे. साठच्या दशकात सरकारने शहरातल्या झोपडपट्ट्या उठवल्या आणि तिथली माणसं इथे आणून टाकली. १९६६ च्या पुरात ज्यांची घरं गेली तीही इथेच आली. गॅसची गाडी लुटणाऱ्या तीन पोरांपासून गोष्ट सुरू होते आणि ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी, कोकेनच्या धंद्यावरून गल्लीगल्लीत पेटलेल्या युद्धापाशी येऊन थांबते. सांगणारा बुस्कापे त्याच वस्तीतला. त्याला बंदूक नको, कॅमेरा हवा.

खर्च साधारण ३३ लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने १५-१६ कोटी रुपये. २००२ च्या मे महिन्यात कान महोत्सवात हा दाखवला गेला, त्याच महोत्सवात आपला ‘देवदास’ही होता आणि त्याचा खर्च ५० कोटी सांगत होते. (तुलना अन्यायाची आहे, माहीत आहे. झुंबरं काही फुकट येत नाहीत.)

पैसे वाचले ते नट न घेतल्यामुळे. गाजर नावाच्या दुसऱ्या टोळीवाल्याचं काम करणारा मातेउस नाश्तरगाएली सोडला तर मुख्य मंडळींत नावाजलेला व्यावसायिक नट जवळजवळ नाहीच. दिग्दर्शक फेर्नांदो मेइरेलेस आणि सहदिग्दर्शक कातिया लुंड यांनी वस्त्यांतली सुमारे २००० पोरं पाहिली, त्यातली २०० निवडली आणि कित्येक महिने त्यांची कार्यशाळा घेतली. पोरांच्या हातात संहिता दिली नाही. प्रसंग सांगायचा, पोरं आपल्या भाषेत करून दाखवणार आणि त्यातलं चांगलं ते लिहून घ्यायचं. झे पिकेनु या खुनशी म्होरक्याचं काम करणारा लेआंद्रो फिर्मिनो खुद्द सिदाद द देउसचा. तो चाचणीला आला होता मित्राला सोबत म्हणून!

माझं म्हणणं असं की हा चित्रपट स्वस्त आहे म्हणून खरा आहे. मोठा नट घेतला असता तर पहिल्या पाच मिनिटांतच मेला असता. तुम्हाला काय वाटतं?

(प्रतिसादांत रसभंग होणार. न पाहिलेल्यांनी जपून.)

शंखपुष्पी

मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा त्या लहान पोरांच्या प्रसंगाला बंद केला. हातात गोळी हवी की पायात, असं विचारतात तो. ते पोर ज्या तऱ्हेने रडतं, तो अभिनय आहे असं मला काही वाटेना. एवढ्याशा जिवाला त्या रडण्यापर्यंत कुणी आणि कसं नेलं, हाच विचार डोक्यात. मोठा नट निदान संध्याकाळी घरी जाऊन चेहरा धुतो. बाकी चर्चा वाचते आहे.

फोंडेकार

जाता जाता, इंग्रजी सबटायटलांवर पाहिलेल्या सगळ्यांची एक फसवणूक झाली आहे, ती नावांची.

आमची आजी गोव्यात, पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकलेली. मी हा चित्रपट घरी लावला तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती. तिला आधी भाषाच ओळखेना, कारण ब्राझीलवाल्यांचे उच्चार तिच्या शाळेतल्यापेक्षा वेगळे. मग शिव्या सुरू झाल्या. शिव्या मात्र तिला बरोबर कळल्या. दार ओढून घेतलं तिने.

पण नावं तिने मला नीट सांगितली. बुस्कापेचं इंग्रजीत ‘रॉकेट’ केलं आहे. रॉकेट सरळ आभाळात जातं. बुस्कापे म्हणजे जमिनीवरून सुरसुरत लोकांच्या पायांमागे धावणारा फटाका. शब्दाची फोडच ‘पाय शोधणारा’ अशी आहे. हा पोरगा सबंध चित्रपटभर तेच करतो की! सगळ्यांच्या पायांतून वाट काढत पळतो. आभाळात कुठे जातो तो?

दुसरं, ज्याला इंग्रजीत ‘नॉकआउट नेड’ म्हटलं आहे त्याचं खरं नाव माने गालिन्य. गालिन्य म्हणजे कोंबडी. आमच्याकडचा कोंबडीचा पदार्थ, काफ्रियाल आठवा, गालिन्य काफ्रियाल. आता चित्रपटाची सुरुवात आठवा: सुरीला धार लावतायत, कोंबडी दोरी सोडवून पळते, सगळी टोळी पिस्तुलं घेऊन तिच्यामागे. तो नुसता गमतीचा पाठलाग नाही. पुढे एक गालिन्य असाच दोन बाजूंच्या मध्ये सापडून मरणार आहे. सबटायटल वाचणाऱ्याच्या हाताला हा धागा लागतच नाही.

अण्णा साताऱ्याचे

माने म्हणजे म्हसवडचे का हो?

फोंडेकार

अण्णा, माने म्हणजे मानुएल. पण स्वभाव बघता म्हसवडचे असायला हरकत नाही. बसमध्ये कंडक्टर, लष्करात नेमबाजी शिकलेला, भांडणात न पडणारा. भाऊ मारला, मैत्रिणीवर बलात्कार झाला, तेव्हा बंदूक उचलली.

अण्णा साताऱ्याचे

मग आमचेच. आज रात्री बघतो.

कॅमेरा कारकून

मी जाहिरातींच्या युनिटवर कॅमेरा सहायक आहे, म्हणून पडदाळूंच्या ‘स्वस्त’ला थोडी टाचणी लावतो.

मेइरेलेस काही फाटक्या खिशाने आलेला तरुण नव्हता. शिकला वास्तुकला, मग जाहिराती करून साओ पाउलोत मोठा झाला, स्वतःची निर्मितीसंस्था होती आणि या चित्रपटात सुरुवातीला स्वतःचे पैसे घातले. हाताखाली रोज शूटिंग करणारी तयार माणसं होती. छायाचित्रणाला सेझार शार्लोन, संकलनाला दानिएल रेझेंदे. मुख्य चित्रपटाच्या आधी २००० साली त्यांनी ‘पालास दोइस’ हा लघुपट करून पाहिला. आपल्याकडे भांडं वाजवून बघतात तसं. पोरं जमतायत का, वस्तीत दिवे कसे लावायचे, हातातल्या कॅमेऱ्याने काय काय धरता येतं, सगळं त्यात तपासलं.

बरंचसं चित्रण १६ मिमीच्या अरुंद फिल्मवर आहे. हलका कॅमेरा आणि थोडे दिवे, त्यामुळे पोरांसाठी जमिनीवर खुणा करायची गरज उरत नाही. आमच्याकडे नटाला सांगतात, ‘इथे येऊन थांब, दिवा इथे आहे.’ नवख्या पोराला हे सांगितलं की तो चालायचंच विसरतो. इथे पोरं हवी तिथे फिरतात आणि कॅमेरा त्यांच्यामागे पळतो. म्हणून ते खरं वाटतं.

पण दंगा वाटतो तेवढा दंगा नाही. साठचं दशक बघा: ऊन, पिवळी माती, कॅमेरा बराच स्थिर. सत्तरच्या दशकात रंग येतात, गाणी येतात, कॅमेरा सैल होतो. युद्ध पेटल्यावर सगळं निळसर, अंधारं आणि तुटक. वस्तीही तशीच बदलते. आधी मैदानात मांडल्यासारखी घरं, मग भिंतीला भिंत. आणि बहुतेक चित्रण खुद्द सिदाद द देउसमध्ये झालेलंच नाही. तिथे तेव्हा शूटिंग करणं धोक्याचं होतं, म्हणून दुसऱ्या वस्त्यांत केलं.

ऑस्करची गंमत तर वेगळीच. ब्राझीलने परभाषिक विभागात पाठवला तेव्हा नामांकनही नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत रीतसर लागल्यामुळे दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण आणि संकलन अशी चार नामांकनं! मिळालं एकही नाही ते सोडा.

सातवा मजला

पहिल्यांदाच लिहितोय. वाचतो रोज.

तुमची सगळ्यांची चर्चा पिस्तुलांवर आणि कॅमेऱ्यावर चालली आहे. मला ओळखीचं वाटलं ते सुरुवातीचं. सामान डोक्यावर घेऊन लोक येतात, एकसारख्या घरांच्या रांगा आहेत, वीज नाही, बस नाही आणि शहर लांब कुठेतरी. आम्ही रेल्वेलगत राहायचो. रुळांच्या प्रकल्पात झोपड्या तुटल्या आणि मानखुर्दला इमारतीत खोली मिळाली. खोली मिळाली हे खरं, सव्वादोनशे चौरस फूट, नळ घरात, संडास घरात. आई पहिल्या दिवशी नुसती नळ उघडून बघत बसली होती. पण तिची चार घरची कामं सुटली, कारण तिथे पोचायलाच दोन तास. जुन्या वस्तीत कोण कुणाचा पोरगा हे शंभर माणसांना माहीत असायचं. इथे वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्त्या एकाच जिन्यात कोंबलेल्या. दोन इमारतींमध्ये एवढीच जागा की समोरच्याच्या घरातली मालिका आपल्याला ऐकू येते. कुणी कुणाला ओळखत नाही, मग पोरांना ओरडणार कोण?

जो सगळ्यात आधी सगळ्यांना ओळखायला लागतो तो तिथला भाई होतो. झे पिकेनु त्या वस्तीत वाढलेला आहे आणि त्याला प्रत्येक गल्ली पाठ आहे, हीच त्याची ताकद. बंदूक नंतरची.

त्यामुळे ‘गरीब वस्ती म्हणून गुन्हेगारी’ असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. आमच्या मजल्यावर बारा खोल्या. टोळीत गेलेला एकच. बाकीचे अकरा घरातले कुठेतरी डिलिव्हरी करतायत, कुठे ऑफिसात झाडू मारतायत. त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.

पडदाळू

सातवा मजला, तुमच्यापुढे माझा धागाच फिका पडला. लिहीत जा हो.

पण शेवटच्या वाक्याबद्दल थोडं. बुस्कापे हा त्या अकरांतलाच नाही का? पेपर टाकतो, सुपरमार्केटात काम करतो, एकदा दरोडा घालायला निघतो आणि ज्याला लुटायचं तो कंडक्टर इतका चांगला निघतो की जमत नाही. (तो कंडक्टर म्हणजेच माने. दुसऱ्यांदा पाहताना त्या प्रसंगाला घशात काहीतरी अडकतं.)

परळचा मामा

आमच्या काळचं थोडं सांगतो, विषयाला धरूनच आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या चाळीत पहिले सहा महिने उत्साह होता. मग गावाहून तांदूळ आणणं, मग भांडी विकणं. वडील रोज पहाटे उठून बसायचे, भोंगा नसला तरी. पोरं आधी नाक्यावर नुसती उभी राहायची. मग कुणीतरी ‘जरा ही पिशवी पोचवून ये’ म्हणालं. पैसे त्याच संध्याकाळी हातात. टोळीत जाण्याचा निर्णय वगैरे कुणी घेत नाही हो. पिशवी पोचवून आला की आत गेलेलाच असतो. त्या चित्रपटात लहान पोरांना आधी निरोप आणायला, मग पहाऱ्याला, मग मालाला लावतात, ते बघताना मला आमचा नाका दिसत होता.

आपल्याकडे यावर जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक आलं, मग त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० ला ‘लालबाग परळ’ केला. त्याच्या हिंदी आवृत्तीचं नाव माहीत आहे का? ‘सिटी ऑफ गोल्ड’! नावापुरती तरी सोयरीक जुळली म्हणायची. नाटक मला जास्त आवडलं. त्यात घरातलं एकच पोरगं टोळीत आहे आणि बाकीचे आपापल्या परीने बुडतायत. सातव्या मजल्याचे अकरा तिथे भेटतील.

मृद्गंधा

धागा छान चालला आहे, त्यात मी थोडं मीठ टाकते.

ब्राझीलमध्ये हा चित्रपट ३० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला आणि तिथेच त्याच्यावर सर्वांत जोराची टीका झाली. १९६५ साली तिथला दिग्दर्शक ग्लाउबेर रोशा याने ‘भुकेचं सौंदर्यशास्त्र’ मांडलं होतं. गरिबी दाखवायची तर बघणाऱ्याला ती बोचली पाहिजे, पचता कामा नये, असा त्याचा आग्रह. ‘सिटी ऑफ गॉड’ आल्यावर समीक्षक इव्हाना बेंतेस यांनी तोच शब्द उलटवून याला ‘भुकेची रंगरंगोटी’ म्हटलं. म्हणजे भूक तीच, पण पावडर लावून, ठेक्यावर नाचवलेली. आणि त्याच वस्तीतला रॅपर एम. व्ही. बिल उघड बोलला की या चित्रपटाने वस्तीचं काही भलं झालं नाही, उलट तिथल्या पोरांच्या कपाळावरचा शिक्का आणखी गडद झाला. पत्ता सांगितला की नोकरी जाते, हे मानखुर्दवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता चित्रपटाचा शेवट पाहा. बुस्कापेकडे दोन फोटो आहेत. एकात पोलीस टोळीकडून पैसे घेतायत. दुसऱ्यात झे पिकेनुचं प्रेत. पहिला छापला तर नाव होईल, पण पोलीस जगू देणार नाहीत. दुसरा दिला तर वर्तमानपत्रात शिकाऊ म्हणून जागा. तो प्रेत देतो. मला राहून राहून वाटतं की दिग्दर्शकाने आपल्याच चित्रपटाबद्दल कबुलीजबाब दिला आहे. पोलिसांनी हत्यारं विकली, लष्करी राजवटीने माणसं शहराबाहेर हाकलली, माल विकत घेणारे गोरे गिऱ्हाईक समुद्राकाठच्या इमारतींत राहतात. हे सगळं चित्रपटात आहे, पण कडेकडेने. मधोमध आहे ते प्रेत, आणि जगभर खपलं तेच.

कॅमेरा कारकून

मृद्गंधा, मुद्दा जबरी आहे. पण तो पहिला फोटो आपल्याला दिसतो ना! बुस्कापे वर्तमानपत्राला देत नाही, चित्रपट आपल्याला दाखवतो. भित्रा असता तर तो प्रसंगच ठेवला नसता.

मृद्गंधा

दाखवतो, अर्ध्या मिनिटात. कोंबडीला जास्त वेळ मिळाला आहे.

पडदाळू

खिक्क! पण ‘रंगरंगोटी’ मला मान्य नाही. युद्धाला निघण्याआधी पोरं हात धरून प्रार्थना करतात तो प्रसंग आठवा. दिग्दर्शकाने सांगितलंय की तो संहितेत नव्हता. पूर्वी धंद्यात असलेल्या एका पोराने विचारलं, निघण्याआधी प्रार्थना नाही का करायची? मग ती केली आणि ठेवली. पाउलो लिन्स त्या वस्तीत वाढला, आल्बा झालुआर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात त्याने काम केलं आणि १९९७ साली ज्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला ती लिहिली. त्याला जे वर्षानुवर्षं घासून मिळालं त्यात एका पोराने उभ्या उभ्या भर घातली. हे वरून लावलेलं पावडर कसं?

शंखपुष्पी

त्या पोराला त्या प्रसंगाचं श्रेय मिळालं का? लेखक म्हणून?

पटकथेचं नामांकन ब्राउलियो मांतोवानी यांच्या नावावर. त्यांचं काम मोठंच आहे, शेकडो पात्रांची कादंबरी त्यांनी दोन तासांत बसवली. पण तुम्हीच वर लिहिलंत की पोरं बोलली आणि ते लिहून घेतलं. स्वस्तात झालं ते यामुळेच की. बोली, चाल, शिव्या, भीती, सगळा कच्चा माल पोरांचा.

पुढे काय झालं त्यावर दहा वर्षांनी एक माहितीपटही निघाला. सेऊ जॉर्ज, म्हणजे आपला माने, जगभर गाणारा झाला. बुस्कापेला आवडणाऱ्या मुलीचं काम करणारी आलिस ब्रागा हॉलिवुडात गेली. लहानग्या दाजिन्युचं, म्हणजे लहानपणीच्या झे पिकेनुचं, काम करणाऱ्या दोग्लास सिल्वाला पुढे टीव्हीवर चांगली कामं मिळाली. आणि एकजण पुढे बसमध्ये चोरी करताना पकडला गेला. चेहरा जगाला माहीत, खिशात काही नाही.

आपल्याकडेही हे झालं आहे. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’साठी मीरा नायर यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांची अशीच कार्यशाळा घेतली होती, ब्राझीलच्या बरीच आधी. त्यातल्या शफीक सय्यदला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवायला लागला. रिक्षा चालवणं वाईट नाही, माझे काका चालवायचे. पण तो पुरस्कार आणि ती रिक्षा यांच्या मध्ये कुणीतरी असायला हवं होतं. तरी त्या चित्रपटातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, तो आजही मुलांसाठी काम करतो. तिकडेही कार्यशाळेतून पोरांना सिनेमा शिकवणारी संस्था निघाली. म्हणजे नुसतं ओरबाडलं असं मी म्हणत नाही. पण ‘स्वस्त’ हा शब्द वापरताना कुणाला स्वस्त पडलं ते लिहीत चला.

पडदाळू

धाग्यातला तो शब्द आता बदलता येत नाही, संपादनाची मुदत संपली. पण बरोबर आहे तुमचं.

परळचा मामा

शंखपुष्पीताई, दंडवत.

फोंडेकार

अवांतर: २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला पहिलं सुवर्ण मिळवून देणारी ज्युदोपटू राफाएला सिल्वा सिदाद द देउसचीच. आजी तेव्हा नव्हती. असती तर नाव बरोबर उच्चारून दाखवलं असतं. २०२४ मध्ये याच गोष्टीची पुढची मालिकाही आली, बुस्कापेचं काम त्याच आलेशांद्री रोद्रिगेसने केलं आहे. दोनच भाग पाहिले, अजून मत नाही.

अण्णा साताऱ्याचे

पाहिला. रात्री दोनला संपला. हिला उठवून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? माने गेला तेव्हा फार वाईट वाटलं. ज्या पोराच्या बापाला याच्या हातून गोळी लागली, तेच पोर याच्या टोळीत शिरून याला मारतं. आणि शेवटी ती चिल्लीपिल्ली पिस्तुलं हलवत, कुणाकुणाला मारायचं त्याची यादी करत चाललेली. एकाला तर धड लिहिताही येत नाही.

म्हसवडचे म्हणालो ते मागे घेतो.

सातवा मजला

काल आमच्या इमारतीतल्या अभ्यासिकेत चार पोरांना दाखवला, सगळी अठराच्या वरची. तो लहान मुलांचा प्रसंग मी पुढे ढकलला, शंखपुष्पीताईंचं वाचलं होतं म्हणून. पोरांना पिस्तुलांचं फारसं काही वाटलं नाही, फोनवर रोज बघतात. एकाने विचारलं, त्याला एवढा भारी कॅमेरा दिला कुणी?

पडदाळू

टोळीनेच. झे पिकेनुला पेपरात आपला फोटो हवा होता.

सातवा मजला

तेच सांगितलं. मग म्हणाला, आणि तो रोल पेपरवाल्यांनी धुतला, ह्याला न विचारता पहिल्या पानावर छापला. त्याचे पैसे दिले का त्याला?

पडदाळू

पुन्हा बघून सांगतो.